कोल्ड रूमची कडी

नैवाशाच्या तळ्याकाठी, चार अंशांवर,
बादल्यांतून उभे असतात गुलाब,
माना कागदात गुंडाळून.
त्या खोलीच्या दाराला आतून कडी होती.
अकरा वर्षं मी ते दार उघडत आलो.
फुलांना आतून कडी कशाला लागते,
हे कधी विचारलं नाही.

मोराआ देठ मोजायची. साठ, सत्तर, साठ.
फेब्रुवारीच्या आधीचे तीन आठवडे
सगळं जग एकदम प्रेमात पडतं
आणि आमची पाळी पहाटे दोनला सुटते.
तेव्हा तिनं विचारलं होतं,
"साहेब, मला कोल्ड रूमऐवजी पॅकिंगला टाकाल?"
मी म्हणालो, थंडी वाजते का? स्वेटर घाल.
ती जरा वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, हो. थंडीच.

एप्रिलात तिचा हजेरी क्रमांक रिकामा झाला.
दोनशे चौदा.

न्दिरांगूचं टार्गेट कधी चुकलं नाही.
जादा तासांची यादी त्याच्या वरच्या खिशात असे,
कुणाचं नाव घालायचं, कुणाचं खोडायचं,
ते पेन्सिलीनं.
"थट्टेखोर आहे, मनात काही नसतं त्याच्या"
हे वाक्य त्याचं नव्हतं.
माझं होतं.
माझ्या तोंडून सुटलं आणि हॉलभर
नियम होऊन बसलं.

नेकेसा आली ती बसली नाही.
दार तिनं मुद्दाम सताड उघडं ठेवलं,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत
चार वाक्यांत सगळं सांगितलं.
आणि मी, खरं सांगतो,
पेन उचलण्याआधी मनात ऑर्डरी मोजल्या:
अॅम्स्टरडॅमचं विमान, मंगळवार, नव्वद हजार देठ.
ती म्हणाली,
"मोराआनंही सांगितलं होतं तुम्हाला.
थंडी वाजते म्हणून."

त्या रात्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो.
चार स्क्रू. तिसरा गंजलेला, निघेना,
बोटं बधिर झाली तरी निघेना.
दोन मिनिटांचं काम
अकरा वर्षं राहिलं होतं.

नेकेसाचे शब्द लिहिले तसेच समितीकडे दिले,
माझी व्याकरणाची इस्त्री न फिरवता.
चौकशी होईपर्यंत पाळी त्याची बदलली,
तिची नाही.
यादी खिशातून निघून भिंतीवर गेली,
शाईनं, क्रमांकवार.
टार्गेट चुकलं. वरून फोन आला.
मी म्हणालो, हो, चुकलं.

कॅन्टीनमध्ये एकानं तिच्यावरून विनोद केला.
मी उगालीचा घास खाली ठेवला:
"पुन्हा सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असा."
त्याला तो आठवेना.
आधी हसलेल्या दोघांनाही आठवेना.

मोराआच्या जुन्या नंबरवर
आता कुणी किसुमूचा शिंपी बोलतो.
दोनदा लावला. तिसऱ्यांदा त्यानंच विचारलं,
बाईंचं काही देणं आहे का तुमच्याकडे?

परवा चेलागात आली. नवी. दोनशे चौदा.
"साहेब, मला कोल्ड रूम नको."
खुर्ची पुढे केली, वही उघडली,
म्हटलं, सावकाश सांग,
नाही सांगितलंस तरी बदलून देईन.
ती गोंधळली. नाक पुसलं.
"नाही, म्हणजे... खरंच थंडी वाजते, साहेब."

स्वेटर दिला. पाळीही बदलली.
आणि तरी रात्री एकला जाऊन
दार ढकलून पाहिलं,
बाहेरून, मग आतून.
उघडतंय.