रिव्हर्स गिअर

हौद्यात पडलेल्या नारळाला कोंब आला, मुळं फळीत शिरली,
तेव्हा धाकटा भाऊ मडगावहून फोनवर म्हणाला,
आता तरी देऊन टाक. भंगारवाला येतो, क्रेनही त्याचीच.
मी म्हटलं, आधी कवाथा काढते.
एवढ्यावरून सुरू झालं.

सावईवेऱ्याचं पोस्ट रविवारी बंद, म्हणून रविवारीच.
चार चिऱ्यांवर टेकवलेली विलीज पिकअप
अंगणाच्या कडेला, घराकडे तोंड करून.
रुजार मेस्त मीस आटपून येतो.
खाणीच्या वर्कशॉपात तीस वर्षं डंपरांखाली निजलेला माणूस;
खाण बंद झाली, नखांतली तांबडी माती राहिली.
पैसे घेत नाही. पेज घेतो, मिठातली तोरं घेतो,
प्रत्येक अडल्या बोल्टला एक शिवी देतो
आणि माझ्याकडे बघून तिचा शेवट गिळतो.

इंजिन घट्ट. हँडल मारलं तर हँडलच वाकलं.
प्लग काढून चारी भोकांत रॉकेल ओतलं, मग ब्रेक ऑइल.
‘बाये, तें मरूंक ना, न्हिदलां.’
मग तीन रविवार आम्ही वाट पाहिली ते उठायची.

पेट्रोलच्या नळीत कुंभारीण माशीनं घर केलेलं,
एअर फिल्टरात उंदरानं,
हेडलाइटच्या वाटीत बेडूक. तो मात्र निघेना.
त्याला ठेवून बाकीची वायरिंग केली.

रंग मी खरवडला.
वरचा निळा, भावाच्या कॉलेजातल्या उत्साहाचा,
खाली हिरवा, हिरव्याखाली पिवळी अक्षरं:
श्री अनंत ड्रेपरी. पडदे, मुकुट, दाढ्या भाड्याने मिळतील.
‘मुकुट’मधला ‘मु’ गंजानं खाल्लेला.
रुजारला देवनागरी येत नाही.
किती लिहिलंय म्हणाला.
भाईंचा धंदा, मी म्हटलं, आणि पॉलिश पेपर खिशात घातला.

जत्रांच्या मोसमात राजदरबार गुंडाळून हौद्यात,
जंगल टपावर,
आणि मधल्या फटीत आम्ही दोघं, गदेवर डोकं ठेवून.
माशेल, केरी, शिरोडा.
परतताना पहाट व्हायची; भाईंच्या गालावर
कुणाच्या तरी मेकअपचा लाल डाग,
आणि पैशांचं बोलायचं ते कधी बोललेच नाहीत कुणाशी.
सीटखाली सापडली अर्धी मिशी,
आणि चोपडी, वाळवीनं कडा खाल्लेली:
केरी मंडळ, बाकी पंचेचाळीस.
भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो हसला,
मग बराच वेळ काही बोलला नाही,
मग म्हणाला, टायरचे पैसे मी देतो.

किंदळीच्या फळ्या नव्या बसवल्या. पाटे धुतले, ग्रीस भरलं.
उल्हासच्या जनरेटरची बॅटरी मागून आणली.
आठव्या रविवारी ती खोकली,
काळा धूर थेट तुळशीवर,
पुन्हा खोकली, आणि मग थांबेचना.
बेडूक त्याच दिवशी गेला.

गिअरचा दांडा तेवढा रिव्हर्सात अडकला.
बॉक्स उघडायला हवा, रुजार म्हणाला,
म्हणजे आता चवथीनंतर.
मी म्हटलं, मागं तर मागं.

पोफळींमधून, साकवावरून, डांबरापर्यंत उलटे गेलो.
पदेर सायकल घेऊन गडग्याला चिकटला, पावांवर प्लास्टिक ओढलं.
काचेतून घर लहान होत गेलं, पण समोरच राहिलं:
चार चिरे, त्यांच्यामध्ये
गवत न उगवलेली गाडीएवढी जमीन.

मोठ्या रस्त्यावर चौघांनी ढकलून तोंड फिरवून दिलं.
घरी आलो तेही उलटेच.
आरसा अजून बसवला नव्हता.
घर पाठीमागून जवळ येत होतं, मला दिसत नव्हतं;
फाटकात उभा राहून
रुजार ओरडून सांगत होता, किती उरलंय.