सेकंदाला बारा

मोडी नोंदवहीत एवढंच आहे:
रामगोंडाची बायको. वय अंदाजे पंचवीस.
प्लेगच्या छावणीत दाखल. पुढं तारीख, आणि एक फुली.

त्या फुलीपर्यंत मला तिला चालवायचंय.
सेकंदाला बारा चित्रं, एकूण चाळीस सेकंद,
दालन चौथं, तांब्याच्या घंगाळांच्या पुढं.

गंगावेशीतल्या खोलीत काचेखाली दिवा लावून
मी आधी पाय काढले.
पाय सोपे. अनवाणी पायाला शतक नसतं.
उंदीर लांबणीवर टाकला;
उंदीर हलला की पोरं हसतात.
संग्रहालयाच्या मुजावरबाई म्हणाल्या, गोड नको हं.
मी म्हटलं, पेन्सिल सुरुवातीला गोडच असते,
तिला कडू करायला वेळ द्या.

चेहरा होईना.
शेवटी आईचा घेतला, तिच्या न कळत,
ती मेथी निवडताना.

मग शिरोळहून शिवगोंडा मगदूम आले,
वय एक्याऐंशी, पिशवीत चष्म्याचं घर आणि काकड्या.
पडद्याला नाक लावून बघितलं.
"चेहरा कुणाचा घेतलाईस?"
माझ्या आईचा.
"असू दे. आमच्यात तरी कुठं कुणी बघितलाय."

बराच वेळ काकड्या नुसत्याच टेबलावर.
मग म्हणाले, आजी पहिली भाकरी उंबऱ्यावर ठेवायची.
कुणाची गं, विचारलं की
"छावणीतलीची."
एवढंच नाव.

"हे संपल्यावर काय हुतंय?"
परत पहिल्यापासून.
"दिवसभर?"
सहा तास. सोमवारी सुट्टी.
साखर कारखान्याच्या काट्यावर जन्म गेलेला माणूस,
ओठ हलले, हिशोब झाला:
"म्हंजी रोज पाचशेचाळीस येळा
नेताय व्हय तिला?"

मला उत्तर नव्हतं.
जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता, माझा हात नाही.

त्या रात्री मुजावरबाईंना फोन केला,
दहा सेकंद वाढवून मागितले.
एकशेवीस कागद. उंबरा, भाकरी.
बाकी काही नाही.
कागदागणिक वाफ तेवढी कमी होते,
शेवटच्या तीसांत तीही नाही.

आता शाळेची पोरं तिथं येऊन थांबतात,
एखादं म्हणतं, सर, मशीन अडकलंय.
सर मागं येऊन बघतात,
घड्याळ बघतात,
आणि अजून थोडं बघतात.