मेलेल्यांनी बोलायचं नाही

सुमेधने शाळेला कुलूप लावलं
तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते.
आम्ही तेरा जण आत,
म्हणजे आपापल्या पांघरुणात,
कोपरखैरण्यात, घणसोलीत, एक जण पार तळोज्यात,
अंगठ्याने लिहीत:
मी खिडकी ढकलून पाहतो. उघडत नाही.

शाळा आमचीच. सुमेधने फक्त
तिला सातवा मजला चढवला, खाली तळघर खणलं,
आणि एक भोंगा बसवला,
जो प्रार्थनेच्या वेळी सांगायचा आज कोण.
बाकी सगळं तेच: प्रयोगशाळेतला थोटा सांगाडा,
पाण्याच्या टाकीवर कर्कटकाने कोरलेला बदाम.

रोज रात्री एक जण जाणार.
मरणारा फासा ठरवेल, मारणारा पाळीने.
मेलेल्यांनी बोलायचं नाही.

फासा लुडोचा, त्याच्या धाकट्या भावाचा,
एकचा ठिपका पुसट झालेला.
सुमेध तो आईच्या पोळपाटावर टाकायचा
(माणसं जास्त होती तेव्हा दोनदा)
आणि फोटो पाठवायचा, पुरावा म्हणून.
कडेला कधी पीठ दिसायचं.

मी अग्निवेश. उंच, मितभाषी, भुवईवर वार.
खरा मी चष्मेवाला, गणितात सदतीस,
बाबा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी,
तीनला उठतात,
म्हणून मला तीनच्या आत
मारून किंवा मरून झोपावं लागे.

वैदेही मढवी इरा होती.
वर्गात वैदेही उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही.
पण इरा!
पहिल्याच रात्री केसातल्या पिनेने
तिने तळघराचं दार उघडलं,
मागे राहिलेल्यांना अस्सल आगरीत शिव्या घातल्या,
आणि मोजून बारा जण बाहेर काढले.
आम्ही सगळे थोडे थोडे तिच्यावर जगत होतो.

नवव्या रात्री पाळी माझी.
पोळपाटावर पुसट ठिपका.
इरा सातव्या मजल्याबाहेर लोंबकळत होती,
दोर माझ्या हातात.
मी लिहिलं: अग्निवेश दोर सोडतो.
तीन शब्द. पाठवले आणि पाणी प्यायला उठलो.

परत आलो तर ती अजून पडत होती.
चाळीस मिनिटं पडली वैदेही.
एकेक मजला लिहून.
सहाव्यावर तिचा बूट निसटला.
पाचव्यावर तिला खिडकीतून आपलाच रिकामा बाक दिसला.
चौथ्यावर तिने काही लिहिलं नाही, नुसता आकडा.
दुसऱ्यावर तिने माझं नाव घेतलं,
अग्निवेश नाही, माझं.
ते नियमात बसत नव्हतं. सुमेधने पुसलं.

बाबांनी दिवा लावला. म्हणाले, "रडतोस कशाला?"
म्हटलं, सर्दी.

रविवारी नेरूळला, ज्वेलच्या तलावाकाठी
सगळे जमलो. जिवंत चौघे,
आणि मेलेल्यांपैकी ज्यांना घरून सोडलं ते.
कुणीतरी म्हणालं, "आलं बघा भूत,"
हसलो, आणि मग ते हसणं तसंच राहिलं,
पुढे काय बोलायचं ते कुणालाच सुचेना.
मेलेले इतर केव्हाच बडबडायला लागले होते.
वैदेही नियम पाळत होती.
मी चपलेने खडे ढकलत होतो.
पलीकडच्या चिखलात रोहित अजून आले नव्हते.

तेवढ्यात तथागत आला, सुमेधचा भाऊ, चौथीतला,
एका हातात शेंगदाण्याची पुडी,
दुसरा हात पुढे: "माझा फासा दे."
मग वैदेहीकडे बघून,
"ताई, तू का बोलत नाहीस? दात पडला?"

"मीच पडले."

"कुठून?"

"सातव्या मजल्यावरून."

"लागलं?"

तिने विचार केला. खरंच केला,
प्रत्येक मजल्यावर थांबून.
म्हणाली, "दुसऱ्यापर्यंत नाही."

तथागतने तिच्यापुढे पुडी धरली.
ती घेऊन ती कठड्यावर बसली,
आमच्या दोघांच्या मधल्या जागेत पुडी ठेवली.
मी बराच वेळ घेतला.
मग हात घातला.
तिने पुडी सरकवली नाही.