अडतीस गाठी

मुंजाजीची गाठ आधी माझ्या बोटाला लागली.
सेलूत, जिनिंगच्या फाटकासमोर माझं दुकान.
बुधवारी तो यायचा, काट्यावरून थेट,
कानात रुईचा कचरा, गालात पुडी.
जबड्याखालची कातडी ताणली
तर हरभऱ्याएवढं काहीतरी.
दाबलं तर दुखेना, सरकवलं तर सरकेना.
"दाढेमुळं असल," तो म्हणला.
मीही म्हणलो, असल.

चौथ्या बुधवारी त्याचं बोर झालं,
तोंड दोन बोटांच्या वर उघडेना.
तेव्हा फेस पुसला, डावा गाल तसाच ठेवला.
"उरलेली दाढी नांदेडहून आल्यावर."
तो चिडला. पैसे मात्र पुरे ठेवून गेला.

सर्जनबाईंनी कागदावर मान काढली.
घाव गालात आहे, पण मानेत उतरलाय,
नुसता गाल कापून भागायचं नाही.
कानामागून हासळीच्या हाडापर्यंत
सगळ्या गाठी, चरबीसकट, एका पदरात काढायच्या.
खांद्याची नस जपू. जपता आली तर.
"वजनं उचलता येतील?"
बाई कागदाकडं बघत राहिल्या.

सहा तासांनी बरणी बाहेर आली.
पद्मिनबाईनं ती पदराखाली धरली,
रस्ता ओलांडून लॅबमध्ये नेली,
शेजारणीकडून विरजण आणावं तशी.

रिपोर्ट त्यानं चलनासारखा वाचला म्हणे:
तपासलेल्या गाठी अडतीस.
रोग दोन गाठींत.
एका गाठीचं वेष्टण फुटलेलं.
आयुष्यभर गाठीच मोजल्या त्यानं.
फुटक्या गाठीचं काय होतं
हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.
मग तीस शेक.

पोळा झाल्यावर आला.
"उरलेली कर."
डाव्या गालावर आता काही उगवतच नाही.
तरी मी फेस केला.
वण कानामागून खाली, मधे वळण घेतलेला,
त्याच्याकडेनं उलटा वस्तरा फिरवला.
"लागतंय?"
"तिथं कळतच नाही. वस्तरा हाय का बोट?"
डोळे मिटलेले.
मी बोट ठेवलं, त्याच जागी.
खड्डा होता. मऊ.
"वस्तरा," तो म्हणला.
मी हो म्हणलो.

खुंटीवरच्या सदऱ्याकडं त्याचा डावा हात निघाला,
खांद्यापाशी थांबला, थरथरला,
परत निघाला.
मी आरसा पुसत राहिलो.
बऱ्याच वेळानं सदरा खाली आला,
खिशातून दहाची नोट.
"राहू दे," मी म्हणलो,
"ह्या बाजूचे तव्हाच दिलेस."