चित्र क्रमांक अकरा

चित्रात गोठलेलं तळं, काठावर एक मुलगा,
लाल अक्षरांची पाटी.
"पुढे काय होईल, हिल्के? आणि का?"
उत्तराला तीस सेकंद.

हिल्के सात वर्षांचा. ओठ हलतात,
"तो... तो पाय..."
आणि वाक्य तिथेच बसकण मारतं
ओझं न पेलणाऱ्या शिंगरासारखं.
मी घड्याळ पाहत नाही असं भासवते.
मग चौकटीत शून्य घालते, नीट, गोल.
कारणमीमांसा : वयापेक्षा तीन वर्षं मागे.
खाली माझी सही, रेंस्के वियार्दा.

जानेवारीत फ्रीसलंडचे कालवे गोठले.
शनिवारी तो दिसला, आजोबांचे स्केट्स
दोरीने गळ्यात, खिसे खड्यांनी जड.
मला पाहून जरा बिचकला.
माझ्या हातात कागद नव्हते, मग ठीक.

पहिला खडा त्याने लांब सरपटवला.
बर्फ बोलला : खोल, पोटातून.
त्याने पाऊल टाकलं. मागोमाग मी.
दुसरा खडा. तसाच.
तिसरा, पुलाच्या थोडा अलीकडे,
आणि आवाज चिरकला,
तारेवर नख ओढावं तसा.

हिल्के थांबला.
पुलाच्या सावलीत मोकळ्या पाण्यात दोन बदकं.
त्याने बदकांकडे पाहिलं, सावलीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, पायापासून डोक्यापर्यंत.
मी त्याच्या दुप्पट वजनाची.
तिप्पट, खरं तर.

"का?" निसटलंच तोंडून. सवय.
ओठ हलले. "पूल... खाली... ते..."
नाद सोडला त्याने.
माझी बाही धरून मला काठावर चढवलं,
वाळल्या बोरूंतून, मेंढ्यांच्या लेंड्यांमधून
पुलाला वळसा घालून
पलीकडे उतरवलं.

तिथे पुन्हा खडा. पुन्हा पोटातला आवाज.
"आता होय," म्हणाला.
दोन शब्द. क्रियापद नाही.
मी दुरुस्त केलं नाही.

सोमवारी कपाटातून चित्र क्रमांक अकरा काढलं.
चित्रातला बर्फ गप्प आहे.
खडा मारला तर कागद वाजेल.
पाटीखाली बदकं नाहीत, आणि त्या मुलामागून
कुणी जड बाई चालत येत नाही.

शून्य खोडायची मुभा नाही.
मी समासात पेन्सिलीने लिहिलं :
"या मुलाने मला पुलाखालून नेलं नाही."

पुन्हा वाचलं.
ज्याच्या टेबलावर हे जाईल
त्याला यातून काही कळेल का?
आणखी एक वाक्य हवं होतं.
पेन्सिल कागदावर टेकवून
मी बराच वेळ बसले.
ओठ हलत होते.