आधीचा ड्रायव्हर

बटण दाबलं की कंपनीचं नाव येतं,
ठिपक्यांचं रिंगण फिरतं,
आणि मग काळं. नुसतं काळं.
मधोमध पांढरा बाण,
विमानतळावर कुणी घ्यायला न आलेल्या माणसासारखा.
मोबाइलवर वेळ लावली: चार मिनिटं अकरा सेकंद.
तेवढ्यात मुकादमचाचांचं वजू होतं.

सोहारच्या सनैय्यात, टायरच्या गोदामावर खोली. चौघांची.
शुक्रवार. एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
लॅपटॉप चाचांनी सेकंडहँड घेतलाय, दाभोळला नाजमीनसाठी.
ती घरांचे नकाशे काढायला शिकतेय.
सोमवारचं विमान. जायचं तिकीट आहे, यायचं नाही.

आधी वाटलं, डिस्क. तपासली, ठणठणीत.
उगाच पहाटेच उठून बसणारे पाच-सहा प्रोग्रॅम झोपवले.
चार मिनिटं नऊ सेकंद.
सेफ मोडमध्ये मात्र झटक्यात उठला.
अक्षरं ढोबळ, रंग विटलेले,
पण उठला.
"चाचा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर. काढून टाकावा लागेल."

इस्त्री करता करता हात थांबला.
एकवीस वर्षं पाण्याचा टँकर,
सोहार ते बुरैमी, दंडाची एक पावती नाही.
"जुना झाला म्हनून?"

"उलटं आहे. जुना बरा होता.
अपडेटनं रात्रीत, न विचारता, नवा आणून बसवला.
यात चित्रं काढणारे दोघं आहेत,
एक मशीनच्या घरचा, एक वेगळा बसवलेला.
आधी हाक कुणाला मारायची,
त्यातच नव्याची चार मिनिटं जातात."
"मग?"
"नव्याला काढू. जुन्याला परत बोलावू."

ते हसले नाहीत.
कॉलरवरून इस्त्री पुन्हा एकदा फिरवली.

नेट तोडलं. नवा उतरवला.
"परत यायची वाट बंद केलीस ना त्याची?"
केली.
जुन्यावर तीन वर्षांमागची तारीख.
बटण. नाव. ठिपके.
एकोणीस सेकंद.

चाचांनी चष्मा लावला. "बंद कर. परत लाव."
एकोणीस. अठरा. एकोणीस.
सातव्यांदा लावत होतो
तेव्हा खाली अंगणात टँकर सुरू झाला,
गचका खाऊन बंद पडला,
पुन्हा सुरू, पुन्हा गचका.

चाचा खिडकीशी गेले. काच उघडत नाही तिची.
"हवा भरू दे की," काचेलाच म्हणाले,
"लावल्यावर दोन मिनटं द्यायची असतात त्याला.
सांगितलं नाही काय कुनी?"