सहा कप

लिफ्ट बंद. चौथा मजला.
पुढे इक्बाल परकार, गादीचं डोकं त्याच्या खांद्यावर,
मागे मी, पाय धरून,
आणि वळणावर गादी अडून बसलेली
मांडवातल्या रुसलेल्या जावयासारखी.
अजमानचा ऑगस्ट. जिन्यात वारा नाही,
कुणाच्या तरी मासळीचा वास तेवढा चढतोय आमच्यासोबत.
"भाजीमार्केटात याहून जड पोती उचलतो, मॅडम," इक्बाल म्हणतो,
"पण पोतं सांगितलं की वळतं."

माझ्या पर्समध्ये यादी.
गाद्या चार. पंखा. शेगडी. तांदूळ दहा किलो.
मुलांचे शाळेचे बूट, मापं पेन्सिलीनं.
अठरा वर्षं अकाउंट्समध्ये काढली;
समोर माणूस आलं तरी
हात आधी बरोबरची खूण करायला जागा शोधतो.

दार इश्राकानं उघडलं.
ओमदुरमान, बस, बंदर, बोट, मग दिराचा हा फ्लॅट,
एवढंच आम्हाला ठाऊक.
मी साबण म्हटलं, तिला कळलं.
तिनं कुर्सी म्हटलं, मी खुर्ची सरकवली.
दोघी हसलो, एका बाकावरच्या मुलींसारख्या.

तेवढ्यात वसुधाताईंचा फोन.
"हो, पोचलो. अगदी गरीब कुटुंब आहे हो."
इश्राकानं नेमका तो शब्द झेलला.
"गरीब," ती म्हणाली. "ऐवा. गरीब."
आणि मान हलवली, सावकाश.
मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

उतरताना इक्बाल म्हणाला,
"त्यांच्यात गरीब म्हणजे परका, मॅडम.
गाव मागे राहिलेला.
पैशाचं काही नाही त्यात."
मग दोन मजले कुणीच बोललं नाही.
मी पासपोर्टातले शिक्के मोजत होते.

चौथ्या रविवारी यादी संपली. सही घ्यायची होती.
"आणखी काही?" मी विचारलं, विचारतात तसं.
तिनं सहा बोटं दाखवली.
फिंजान. छोटे. बिनकानाचे.
"दर वेळी येता, ओझं टाकता, घाई म्हणता.
माझ्या दारातून कोरड्या तोंडानं जाता.
माझी सासू रात्री मला बोलते."

यादीत असा रकाना नव्हता.
दुकानात इक्बालनं बिल पुढं केलं.
म्हटलं, राहू दे, हे हिशेबातलं नाही.

हाज्जा बतूलनं दाणे पातेल्यातच भाजले,
धूर खोलीभर फिरवला, पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसा.
आम्ही त्याच गादीवर, मांडी घालून.
कॉफीत सुंठ. घशाला ओळखीची.
चार कप आमचे. पाचवा वॉचमन शोहागला, खाली.
सहावा समोरच्या फ्लॅटमधल्या लिझीचा,
जिनं आमच्या आधी आठवडाभर,
कसलीही यादी न करता,
वाटीभर मीठ आणून दिलं होतं.

खाली पिकअप चुकीच्या जागी उभी. दंड बसणार.
इश्राकानं पुन्हा ओतली.
"नको" अगदी ओठांवर आलं होतं.